अळणी

नळकांडं चोपन्न मिलिमीटरचं,
आत स्क्येल्मूच्या उताराखालची माती, अकरा मीटर खोलीची,
दोन्ही टोकांना मेण लावून
गाडीत मांडीवर धरून आणलेली,
वाटेत कुठे खड्डा लागू नये म्हणून मीच चालकाला टोकत होते.

एम्ब्रिक स्क्येल्मू स्वतः आलाय प्रयोगशाळेत,
टोपी हातात, बूट दाराशी.
सोबत गुनवोर. तिने डब्यातून वाफल आणलेत,
जणू इथे कुणी आजारी आहे.

मी माती ढकलून बाहेर काढते. करडी, निळसर,
तारेने कापली की साबणाच्या वडीसारखी कापली जाते.
"घट्ट आहे की," एम्ब्रिक म्हणतो.
"आजोबांनी हिच्यावर कोठार बांधलं. मी सायलो."

शंकू घेते, शंभर ग्रॅमचा.
टोक मातीला जेमतेम टेकवते
आणि सोडते.
पाच मिलिमीटर. थांबला.
एम्ब्रिक बायकोकडे बघतो : सांगत होतो ना.

मग तोच तुकडा वाडग्यात, आणि चमचा.
पाणी घालत नाहीये मी, नीट बघा. थेंबही नाही.
नुसती ढवळते.
आधी ती हटून बसते, मग लकाकते,
मग तिच्या पोटातलं जुनं पाणी एकदम तोंड उघडतं,
आणि मी वाडगा कलता करते तर
ताक.
धार पडते, धारेचा आवाजसुद्धा ताकाचा.

कुणी बोलत नाही. फ्रिज तेवढा घुरघुरतो.

आमच्या भाषेत हिला जिवंत माती म्हणतात.
मला ते नाव कधी पटलं नाही.
बर्फ वितळलं तेव्हा ही समुद्राच्या तळाशी बसली,
कण म्हणजे पत्ते, काठावर काठ टेकवून रचलेले,
मधे मीठ, धरून ठेवणारं.
मग जमीन वर आली, ओझं उतरल्यावर पाठ वर येते तशी,
आणि गोडं पाणी झिरपत राहिलं, हजारो वर्षं,
दर पावसाला एक चिमूट घेऊन गेलं.
पत्ते तसेच उभे. कुणी विचारलं नाही म्हणून.
खाल्ल्या मिठाला जागणं सोपं असतं,
ही न उरलेल्या मिठाला जागतेय.

एवढं सगळं मी त्यांना सांगत नाही. अर्धंच सांगते.
एम्ब्रिक बोट बुडवतो आणि, मी अडवायच्या आत,
जिभेला लावतो.
"अळणी."
गुनवोर म्हणते, "माझ्या प्रत्येक सूपला हा हेच म्हणतो."

कपाटात साधं मीठ आहे, उकडलेल्या अंड्यांसाठी ठेवलेलं.
चिमूटभर टाकते, ढवळते.
चमचा जड होतो.
हात काढून घेते : चमचा उभा.

एम्ब्रिक कपाळ चोळतो. "सगळ्या उताराला किती पोती?"
काही ठिकाणी भोकं पाडून मीठ सोडून पाहिलंय, मी सांगते,
पण मुरायला वर्षं जातात.
तोवर पायथ्याशी खणू नका, माथ्यावर भराव टाकू नका,
ओढ्याने काठ खाल्ला तर लगेच कळवा.

"पाय आपटला तर?" गुनवोर विचारते.
तेवढ्याने काही होत नाही.
"चाळीस वर्षं आपटला नाही," ती म्हणते. "उगीचच."

संध्याकाळी एम्ब्रिकचा फोन.
ट्रॅक्टर खाली रस्त्यालाच ठेवला म्हणतो, चालत घरी आलो.
हसू नकोस.
मी हसत नाही.
"आत्ता कोठाराखाली काय करत असेल ती?"
उभी आहे.
"ते कळलं. पण कशावर?"

अहवालात त्यासाठी रकाना नाही.
मी डब्यातला उरलेला वाफल खाते, उभ्याउभ्याच,
नळाखाली चमचा धरते.
निळसर पाणी मोरीत जातं,
तिथून नदीत, नदीतून फ्योर्डमध्ये,
जिथे अजून मीठ आहे.